आरसे घासणारे ज्योतिर्विद

दुर्बिणीचा इतिहास बहुधा राजाश्रयाच्या आणि मोठमोठ्या वेधशाळांच्या अंगानें लिहिण्याचा प्रघात आहे. अमक्या राजानें वेधशाळा बांधली, तमक्या धनिकानें इतकें द्रव्य दिलें, आणि मग तेथें नेमलेल्या पंडितांनीं अमुक शोध लावले, अशी ती हकीगत असते. ती खोटी नव्हे. पण अपुरी आहे. आकाशांतील अंधुक पदार्थांचीं छायाचित्रें घेण्याची जी विद्या आज इतकी पुढें गेली आहे, तिचा पाया घालणारांत एक डॉक्टर होता, मोऱ्या व सांडपाण्याचे नळ यांचीं कामें घेणारा एक इंजिनियर होता, आणि त्या दोघांच्या कितीतरी आधीं त्यांची वाट मोकळी करून ठेवणारा, प्रार्थनामंदिरांत ऑर्गन वाजवून पोट भरणारा एक गवई होता. यांपैकीं कोणीही तयार दुर्बीण विकत आणून तिच्यावर संतुष्ट राहिला नाहीं. प्रत्येकानें हातांस काळें लावून घेतलें, आणि त्या काळ्या हातांतूनच पुढील सर्व उजेड आला.

आरशाच्या दुर्बिणीची कुळकथा न्यूटनपासून सुरू होते. साध्या भिंगाच्या दुर्बिणींतून पाहिलें असतां ताऱ्याभोंवतीं रंगांची झालर दिसते. कारण कांच निळ्या किरणांना तांबड्या किरणांपेक्षां अधिक वांकविते, आणि सर्व रंग एका बिंदूवर येत नाहींत. हा दोष भिंगांतून कधींच जावयाचा नाहीं अशी न्यूटनची समजूत झाली. ती पुढें चुकीची ठरली. दोन जातींच्या कांचा जोडून रंगदोष बराचसा घालवितां येतो, हें अठराव्या शतकांत सिद्ध झालें. पण त्या चुकीच्या समजुतीच्या पोटीं एक अस्सल यंत्र जन्मास आलें, ही ज्ञानाच्या इतिहासांतील एक गंमतच होय. आरसा सर्व रंगांना सारखेंच परत फिरवितो. तेव्हां नळीच्या तळाशीं अंतर्गोल आरसा बसवावा, त्यानें गोळा केलेले किरण नळीच्या तोंडाजवळ एका लहानशा तिरक्या सपाट आरशानें बाजूला वळवावे, आणि तेथें डोळा लावावा, अशी युक्ति न्यूटननें काढली. १६६८ सालच्या त्याच्या पहिल्या दुर्बिणीचा आरसा जेमतेम सव्वा इंचाचा होता, व नळी वीतभरही नव्हती. तांबें व कथील यांचें मिश्रण त्यानें स्वतः ओतलें, स्वतः घासलें, आणि त्यास झिलई देण्यासाठीं राळेचा थर वापरला. राळेवर झिलई करण्याची ती रीत आजही मोडलेली नाहीं. दुसरी दुर्बीण १६७१ च्या अखेरीस लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें आली, आणि पुढच्याच जानेवारींत न्यूटन तिचा सभासद झाला. हत्यारें कोठून आणलीं, असें पुढें कोणी विचारलें तेव्हां, तींही आपणच केलीं, असें त्यानें सांगितल्याचें नमूद आहे.

यानंतरचा मोठा पुरुष विल्यम हर्शेल. हा मूळचा हॅनोव्हरचा; इंग्लंडांत बाथ येथें ऑक्टागन चॅपेलमध्यें ऑर्गन वाजविणें व शिष्यांना संगीत शिकविणें हा त्याचा धंदा. १७७३ च्या सुमारास त्याला आकाशाचें वेड लागलें. मोठ्या आरशाची किंमत त्याला झेपेना, तेव्हां गांवांतील एका क्वेकरपंथी गृहस्थाचीं जुनीं हत्यारें त्यानें विकत घेतलीं, आणि सर्व घराचा कारखाना करून टाकला. दिवाणखान्यांत सुतार नळी करूं लागला, निजावयाच्या खोलींत कातकामाचें यंत्र येऊन बसलें. आरशाला शेवटचा हात देत असतां मध्यें थांबलें तर पृष्ठभाग बिघडण्याची धास्ती असे. म्हणून एकदां सोळा तास त्यानें आरशावरून हात काढला नाहीं, आणि त्याची बहीण कॅरोलाइन हिनें घांस करून त्याच्या तोंडांत घातले. मन रमावें म्हणून ती त्याला अरबी भाषेंतील सुरस गोष्टी वाचून दाखवी. ज्यांच्या घरीं असा एकादा छांदिष्ट आहे, त्या वाचकांना कॅरोलाइनच्या सहनशीलतेची अधिक फोड करून सांगावयास नको. मात्र ती केवळ घांस भरविणारी बहीण राहिली नाहीं. पुढें तिनें स्वतः अनेक धूमकेतु शोधून काढले.

१३ मार्च १७८१ रोजीं, घरींच केलेल्या सहा इंचांहून थोड्या मोठ्या आरशाच्या दुर्बिणीनें हर्शेलला युरेनस दिसला. प्राचीन काळापासून माहीत असलेल्या ग्रहांत नव्या ग्रहाची भर पडण्याची ही पहिलीच वेळ. त्याच वर्षीं तीन फुटी आरसा ओतण्याचा त्यानें घाट घातला. घोड्याच्या लिदीचा सांचा करावयाचा म्हणून कॅरोलाइन खलबत्त्यांत लीद कुटीत व चाळीत बसली. पण ऐन वेळीं भट्टी गळूं लागली, वितळलेली धातु फरशीवर वाहिली, आणि तापलेल्या फरशीचे दगड फुटून छपरापर्यंत उडाले. मंडळी जीव घेऊन पळाली. पुढें राजाश्रय मिळाला, चाळीस फुटी दुर्बीणही झाली. पण तिनें कर्त्याला जितका त्रास दिला तितकें काम दिलें नाहीं. हर्शेलची खरी कमाई लहान, हातांत मावणाऱ्या दुर्बिणींची आहे, असें आमचें मत आहे.

धातूच्या आरशाचा मोठा दोष असा कीं, पडलेल्या प्रकाशापैकीं सुमारें दोन-तृतीयांशच तो परत देतो, आणि हवेनें लवकर काळवंडतो. काळवंडला कीं पुन्हां झिलई द्यावयाची. आणि झिलई दिली कीं महिन्यांच्या मेहनतीनें साधलेला आकार बिघडावयाचा. आयर्लंडांत लॉर्ड रॉस यानें १८४५ सालीं सहा फुटी आरशाची प्रचंड दुर्बीण उभारली, तिलाही हें दुखणें होतेंच. त्यावर उपाय सांपडला तो कांचेंत. रसायनशास्त्रज्ञ लीबिग यानें कांचेवर चांदीचा पातळ थर बसविण्याची रीत दाखविली होती. जर्मनींत स्टाइनहाइल आणि पॅरिसांत फूको यांनीं १८५६-५७ च्या सुमारास ती दुर्बिणीच्या आरशाला लावली. चांदी काळी पडली तर आम्लानें धुवून नवी चढवावी. खालच्या कांचेच्या आकाराला धक्का लागत नाहीं. १९३० नंतर चांदीची जागा निर्वात पात्रांत चढविलेल्या ॲल्युमिनियमनें घेतली, पण तत्त्व तेंच.

फूकोनें दुसरी जी देणगी दिली ती आमच्या मतें याहून मोठी आहे. आरसा घासणें हें काम दिसतें तितकें अवघड नाहीं. सारख्या आकाराच्या कांचेच्या दोन जाड चकत्या घ्याव्या, मध्यें पाणी व कुरुंदाची पूड घालावी, आणि खालची स्थिर ठेवून वरची पुढें-मागें घासीत, हळूहळू फिरवीत राहावें. वरची चकती कडेच्या बाहेर जाते तेव्हां सारा भार तिच्या मध्यावर व खालचीच्या कडेवर येतो. म्हणून वरची आपोआप खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. दोन पृष्ठें सर्व दिशांनीं एकमेकांवर घासलीं गेलीं म्हणजे त्यांचा आकार गोलाचाच होतो, इतरा आकाराला तेथें थाराच मिळत नाहीं. अशा रीतीनें निसर्गच कारागिराला अर्धें काम करून देतो. अडचण पुढें आहे. ताऱ्याचे किरण एका बिंदूंत आणावयाचे तर गोल पुरत नाहीं, अन्वस्त पाहिजे. आणि या दोहोंतील फरक किती, तर सहा इंची आरसा व चार फुटांचें नाभ्यंतर धरलें तर कडेशीं एक सहस्रांश मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी! एवढा फरक कोणत्याही मापपट्टीनें मोजतां यावयाचा नाहीं. हर्शेलसारख्या कारागिरांनीं तो ताऱ्याकडे पाहून, अनुभवानें, पुष्कळसा नशिबानें साधला.

फूकोनें १८५८ च्या सुमारास हें नशीब काढून टाकलें. अंधाऱ्या खोलींत आरसा उभा करावा. त्याच्या वक्रतेच्या मध्याजवळ, पत्र्याला सुईनें भोंक पाडून त्यामागें दिवा ठेवावा. आरशावरून परत आलेले किरण जेथें एकत्र येतात तेथें सुरीचें पातें हलकेंच आडवें आणावें, आणि पात्याच्या मागून आरशाकडे पाहावें. आकार खरा गोल असेल तर सर्व आरसा एकदम, सारखा काळवंडतो. कोठें उंचवटा वा खळगा असेल तर तो डोंगर-दऱ्यांसारखा, छायाप्रकाशानें उठून दिसतो. बोटाच्या ऊबेनें कांच फुगते तेंसुद्धां यांत दिसतें. अन्वस्ताची छाया कशी असावी हेंही गणितानें ठरवितां येतें. एक दिवा, एक पत्रा व एक दाढीचें पातें! इतक्या सामग्रीनें प्रकाशलहरीच्या अंशापर्यंत मोजणारें साधन हातीं येतें. या शोधामुळें उत्तम आरसा करणें ही कांहीं भाग्यवंतांची सिद्धि न राहतां, चिकाटी असणाऱ्या कोणासही शिकतां येणारी कला झाली.

ती शिकणारांत न्यूयॉर्कचा तरुण डॉक्टर हेन्री ड्रेपर अग्रगण्य होय. त्याच्या बापानें १८४० सालींच चंद्राचें छायाचित्र घेतलें होतें, तेव्हां वेड घराण्यांतलेंच. १८५७ सालीं आयर्लंडांतील रॉसची दुर्बीण पाहून तो परतला, तो स्वतःची करावयाची असें ठरवूनच. त्याचा पहिला आरसा धातूचा. तो एका हिंवाळ्यांत पेटींत शिरलेल्या पाण्याचें बर्फ होऊन तडकला. बापाकरवीं ही हकीगत जॉन हर्शेलच्या कानीं गेली, आणि विल्यमच्या या मुलानें सल्ला दिला कीं धातु सोडून चांदीच्या थराची कांच घ्या. ड्रेपरनें मग लहानमोठे शंभरांवर आरसे घासले, साडेपंधरा इंचांची दुर्बीण हडसन नदीकांठच्या आपल्या टेकडीवर उभी केली, आणि चंद्राचीं शेंकडों छायाचित्रें घेतलीं. सर्व दुर्बीण चंद्रामागें फिरवीत बसण्याऐवजीं केवळ कांचेची पाटी सरकत राहावी, म्हणून त्यानें एक पाणघडी जोडली होती. आपल्या घटिकापात्राची ही दूरची बहीणच म्हणावयाची. १८६४ सालीं स्मिथसोनियन संस्थेनें त्याचा या विषयावरील ग्रंथ छापला. त्यांत त्यानें काय साधलें त्याबरोबरच काय फसलें तेंही सांगितलें, म्हणूनच पुढील पिढ्यांतील हौशी लोकांना तो उपयोगी पडला. १८६७ सालीं त्याचें लग्न झालें, तेव्हां नवरानवरी न्यूयॉर्कांत २८ इंची आरशाची कांच निवडावयास गेलीं होतीं. पुढें वेधाच्या रात्रीं पाट्यांवर रसायन चढविण्याचें काम ॲना ड्रेपर स्वतः करी. या २८ इंची आरशानेंच १८७२ सालीं अभिजित् ताऱ्याच्या वर्णपटांतील रेषा प्रथम छायाचित्रांत आल्या.

छायाचित्रणाला आरसाच कां हवा, हें येथें सांगणें अवश्य आहे. त्या काळच्या पाट्या केवळ निळ्या-जांभळ्या किरणांनीं उमटत. आणि डोळ्यासाठीं केलेल्या भिंगाच्या दुर्बिणींत नेमके तेच किरण नाभीपासून भलतीकडे जात. डोळ्याला रेखीव दिसणारा तारा पाटीवर फुगलेला उमटे. आरशाला हा भेदच ठाऊक नाहीं. डोळ्याची नाभि ती पाटीची नाभि. दुसरी अडचण काळाची. जुन्या ओल्या पाटीवरील रसायन दहाएक मिनिटांत वाळून निकामी होई. १८७० नंतर जिलेटिनच्या कोरड्या पाट्या आल्या आणि पाहिजे तितका वेळ पाटी उघडी ठेवण्याची सोय झाली. तिसरी अडचण पृथ्वीच्या फिरण्याची. ती मात्र कोणा रसायनानें सुटणारी नव्हती.

ती सोडविली अँड्र्यू एन्स्ली कॉमन या मोऱ्या-नळांच्या इंजिनियरनें. लंडनजवळ ईलिंग येथें आपल्या घरामागच्या बागेंत त्यानें १८७९ सालीं ३६ इंची आरशाची दुर्बीण उभारली. आरसा कॅल्व्हर नांवाच्या कारागिराकडून घेतला, पण बैठक सर्व स्वतः योजिली. या दुर्बिणीचें नाभ्यंतर साडेसतरा फूट. तेव्हां पाटीवर ताऱ्याचें चित्र दर सेकंदास सुमारें चार दशांश मिलिमीटर सरकावयाचें. अर्धा-पाऊण तास तें एका जागीं खिळवून ठेवावयाचें तर टनावारी वजनाचें यंत्र लोण्यासारखें फिरलें पाहिजे. कॉमननें ध्रुव-अक्षाचा भार पाऱ्यावर तरंगत ठेवला, म्हणजे घर्षण उरलें नाहीं. आणि घड्याळाची जी बारीकसारीक चूक राही ती दुरुस्त करण्यासाठीं सरकती पाटी बसविली. पाटीच्या कडेला एक तारा नेत्रभिंगांत धरून ठेवावयाचा, तो तसूभर हलला कीं स्क्रू फिरवून पाटी त्याच्या मागें न्यावयाची. जो दिवसां नळ जोडतो त्याच्या हाताला स्क्रूची ही भाषा परकी नव्हती.

३० जानेवारी १८८३ च्या रात्रीं त्यानें मृगांतील तेजोमेघाकडे सुमारें ३७ मिनिटें पाटी उघडी ठेवली. ड्रेपरनें हाच मेघ १८८० च्या सप्टेंबरांत भिंगाच्या दुर्बिणीनें प्रथम टिपला होता आणि नंतर अधिक चांगलाही टिपला. पण १८८२ च्या नोव्हेंबरांत, ऐन पंचेचाळिशींत, तो वारला. कॉमनच्या पाटीवर मेघाचे पदर तर आलेच. पण त्याच दुर्बिणींतून डोळ्यास न दिसणारे तारेही आले. या चार शब्दांत एका युगाचा पालट आहे. दुर्बीण ही तोंपर्यंत डोळ्याची दासी होती. डोळा एका क्षणांत जें दिसेल तें पाहतो. तासभर टक लावली म्हणून त्याला अधिक दिसत नाहीं. पाटी मात्र थेंबाथेंबानें प्रकाश सांठवीत बसते.

याचें महत्त्व कळण्यास त्या वेळचा एक वाद ध्यानीं घेतला पाहिजे. मृगांतील तेजोमेघ बदलतो कीं नाहीं? जॉन हर्शेलनें इंग्लंडांत आणि पुढें दक्षिण आफ्रिकेच्या टोकास काढलेलीं चित्रें, अमेरिकेंत बाँडचें चित्र, आयर्लंडांत रॉसचें, हीं सर्व एकाच मेघाचीं. पण शेजारीं ठेवलीं तर एकाचीं वाटूं नयेत. मेघ बदलला म्हणावें कीं चित्रकाराचा हात? एडवर्ड होल्डन यानें १८८२ सालीं हीं सर्व चित्रें गोळा करून मोठा प्रबंध लिहिला, आणि आकार तोच आहे पण तेजांत फेर पडत असावा, असा निष्कर्ष काढला. विद्वानाच्या वर्षांच्या श्रमाचें हें फळ. तें छापून होतें न होतें तोंच ईलिंगच्या बागेंतून एक पाटी आली, आणि यापुढें असल्या वादांत हातानें काढलेल्या चित्राची साक्ष चालेनाशी झाली. १८८४ सालीं रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनें कॉमनला सुवर्णपदक दिलें.

नियतीचा विनोद असा कीं, तीच दुर्बीण पुढें या होल्डनच्याच पदरीं पडली. कॉमननें ती क्रॉसले नांवाच्या गिरणीवाल्यास विकली होती. क्रॉसलेनें १८९५ सालीं ती कॅलिफोर्नियांतील लिक वेधशाळेस दान केली, आणि होल्डन तेथें संचालक होता. वेधशाळेंतील पगारी ज्योतिर्विदांना ही खुडबुडी, हौशी माणसाची दुर्बीण नको होती. एकानें तर तिच्यावर काम करण्याचें साफ नाकारलें. त्या भांडणांतून, इतर कारणेंही होतींच, १८९७ सालीं होल्डनला जावें लागलें. त्याच्या मागून आलेल्या कीलरनें दुसऱ्या कोणावर न ढकलतां ती स्वतःच हातीं घेतली, तिचे दोष एकेक करून काढले, आणि दोन वर्षांत तिच्यानें अशीं चित्रें घेतलीं कीं, या एका दुर्बिणीच्या आवांक्यांत सुमारें १,२०,००० तेजोमेघ असावेत व त्यांत पुष्कळसे सर्पिल असावेत, असा अंदाज त्याला बांधतां आला. १९०० सालीं तो वारला. दुर्बीण मात्र एकविसाव्या शतकापर्यंत कामांत होती.

कॉमननें स्वतः नंतर पांच फुटी आरसे घासले. पहिला मनासारखा उतरला नाहीं म्हणून दुसरा घासला. आकारानें मोठे असूनही त्यांनीं ३६ इंचीएवढें नांव मिळविलें नाहीं. पण त्यांच्यामुळें त्याचा हात असा बसला कीं, त्याचे आरसे दूरदूरच्या वेधशाळांत जाऊं लागले. त्यांतील एक पुण्यास आला.

ही हकीगत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाहीं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें, जें पुढें इंजिनियरिंग कॉलेज म्हणून प्रसिद्ध झालें तेथें, कावसजी दादाभाई नायगमवाला हे प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीनें व सरकारच्या मदतीनें त्यांनीं कॉलेजच्या आवारांत वेधशाळा उभारली; ती १८८८ सालीं कामास लागली. तिची मुख्य दुर्बीण वीस इंची आरशाची, त्या काळीं हिंदुस्थानांतील सर्वांत मोठी. बैठक डब्लिनच्या ग्रबची, आरसा कॉमनच्या हातचा. मृगाच्या तेजोमेघाच्या वर्णपटांतील मुख्य हिरवी रेषा ही मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे, असा लॉकियरचा आग्रह होता. नायगमवाला यांनीं पुण्याहून कळविलें कीं, आपणांस ती रेषा सदैव बारीक व रेखीवच दिसते, पट्टा कोठेंच नाहीं. वाद लॉकियरच्या विरुद्ध गेला. २२ जानेवारी १८९८ चें खग्रास सूर्यग्रहण सोलापूरकडे जेऊर येथें पाहावयास ते आपल्या विद्यार्थ्यांसह गेले. लिक वेधशाळेचा कॅम्बेल हाही आपला तळ घेऊन त्याच गांवीं उतरला होता.

पण या वेधशाळेंत नायगमवाला हेच सर्व कांहीं होते. त्यांच्या मागें तें काम चालवील असा मनुष्य तयार करण्याची व्यवस्था ना कॉलेजनें केली ना सरकारनें. १९१२ सालीं ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, आणि कॉमनचा आरसा इतर यंत्रांसह कोडईकनालच्या सरकारी वेधशाळेकडे रवाना झाला. तेथील मुख्य काम सूर्याचें. मृगाच्या मेघासाठीं आणलेल्या आरशाला सूर्याच्या घरीं काय मान मिळावयाचा?

योगायोग असा कीं, याच सुमारापुढें अमेरिकेंत हौशी लोकांचें लोण पुन्हां उठलें. व्हर्माँटमधील स्प्रिंगफील्ड या कारखान्यांच्या गांवीं रसेल पोर्टर यानें १९२० सालीं यंत्रशाळांतील कामगारांना आरसे घासावयास शिकविलें. १९२५ पासून सायंटिफिक अमेरिकन मासिकांत इंगॉल्स यानें त्यावर लेख लिहिले, आणि हजारों घरांच्या तळघरांत कुरुंदाची घरघर सुरू झाली. पोर्टर पुढें पालोमारच्या दोनशें इंची दुर्बिणीच्या आराखड्याच्या कामावर गेला. ती १९४८ सालीं पुरी झाली.

पुण्यांत १९४४ सालीं हौशी मंडळींनीं ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापिली. आणि १९८८ सालीं आयुका ही संस्था निघाल्यानंतर तिच्या आवारांत आरसे घासण्याच्या कार्यशाळा भरत आल्या आहेत. शाळेंतील मुलें व शिक्षक तेथें पिंपाभोंवतीं फिरत सहा इंची कांचा घासतात. वर चढवावयाचा थर आतां ॲल्युमिनियमचा असतो आणि पाटीच्या जागीं विजेवर चालणारी चकती बसते. राळ, दिवा आणि पातें हीं मात्र अजून तींच आहेत.